‘आम्ही’चा अंत आणि साक्षीचा प्रश्न

युद्धात किती माणसे कामी आली हा प्रश्न इतिहासाचा आहे. त्या मरणाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मात्र नीतीचा, आणि म्हणूनच साहित्याचाही आहे. मोठ्या सैन्याच्या संदर्भात तो आकड्यांआड दडतो. पायदळाच्या लहान तुकडीत त्याला दडायला जागा नसते. दहाजणांतले चौघे गेले की उरलेले सहाजण म्हणजे तुकडीचा साठ टक्के भाग नव्हे. एकमेकांच्या पहाऱ्यावर विसंबून झोपणाऱ्यांचा तो लहानसा समाजच संपलेला असतो.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी लढली. उंची १६,००० फुटांहून अधिक, थंडी गोठवणारी, आणि मधल्या डोंगरामुळे स्वतःच्या तोफखान्याचा आधार नाही, अशा स्थितीत मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखालील सुमारे १२० जणांपैकी ११० हून अधिक मारले गेले. बहुतेक जवान आजच्या हरियाणातील अहीर होते. त्यामुळे एका परिसरातील अनेक घरे एकाच दिवशी उणी झाली. जे थोडे परतले, त्यांच्या कथनावर प्रारंभी विश्वास ठेवला गेला नाही. १९६३ च्या आरंभी बर्फात गोठलेले, शस्त्रे हाती असलेले देह सापडले, तेव्हा कुठे जिवंतांचे म्हणणे खरे ठरले. साक्षीला प्रेतांचे अनुमोदन लागावे, ही त्या रणाची आकड्यांत न मावणारी किंमत होय.

वाल्टर बेंजामिनने कथनकाराविषयीच्या १९३६ च्या निबंधात, पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवरून माणसे मुकी होऊन परतली, असे निरीक्षण नोंदवले आहे. परंतु रेझांग लाचा दाखला याहून वेगळा आहे. येथे परतलेले बोलत होते. ऐकणारे मुके नव्हे, बहिरे होते. अनुभव सांगता न येणे ही भाषेची मर्यादा ठरेल. सांगितलेला न ऐकणे हा मात्र समाजाचा दोष आहे.

मराठी व्याकरण या ठिकाणी मोठा भेद दाखवते. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळतो, ‘आपण’ त्याला सामावून घेतो. साक्षीचे सर्वनाम ‘आम्ही’ आहे, स्मारकाचे ‘आपण’. रेमार्कच्या १९२९ च्या ‘पश्चिम आघाडीवर’च्या कादंबरीत निवेदक सातत्याने सोबत्यांच्या वतीने बोलतो. एकेक सोबती गळत जातो, आणि अखेरीस निवेदकाच्या मृत्यूची वार्ता तृतीयपुरुषी निवेदनातून येते. ‘आम्ही’ म्हणायला कोणी उरले नाही, हे ती संहिता आपल्या रूपानेच मान्य करते. ती रिकामी जागा ‘आपण’ने भरण्याची घाई तिने केलेली नाही.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. वगळले गेलेल्यांनी गप्पच राहायचे, तर ज्यांच्यामागे बोलणारे उरले नाहीत त्यांचे स्मरण कोणी करावे? ‘आपण’ टाळता येत नाही, हे खरेच. पण त्याचे दोन वापर आहेत. ‘आपण लढलो’ हे वाक्य दुसऱ्याच्या मरणावर मालकी सांगते. ‘आपण त्यांना तेथे पाठवले’ हे वाक्य त्याच मरणाची जबाबदारी स्वीकारते. पहिले वाक्य उच्चारायला काहीच मोजावे लागत नाही. म्हणून वीरगौरवाच्या वाङ्मयात ते मुबलक आढळते. दुसरे उच्चारण्यापूर्वी मात्र परतलेल्याचे ‘आम्ही’ अखेरपर्यंत ऐकून घ्यावे लागते, देह सापडण्याची वाट न पाहता.