आधीच्या मालकाचे थर

दुसऱ्याने चढवलेला थर उतरवायचा कोणी, माउली? शर्यतीची जुनी शिडाची होडी विकत घेणाऱ्यापुढे हा प्रश्न येतोच.

तिच्या बुडाचा रंग शोभेचा नव्हे. त्यात बहुधा तांब्याचे विष असते. शेवाळ आणि शिंपल्यासारखे चिकटे जीव त्याने दूर राहतात. मालक जुन्यावरच नवा हात देत जातो. थर साचतात, पापुद्रे सुटतात, बूड खडबडीत होते आणि पाणी होडीला मागे धरते. जो राखणारा, तोच अडवणारा झाला! नवा मालक म्हणेल, हे मी केलेले नाही. खरे आहे. पण होडीचा वेग ज्याने घेतला, त्याने तिचे थरही घेतले. संचित काय निवडून घेता येते?

बरे, खरवडून टाकायचे कुठे? जुन्या होडीच्या खालच्या थरांत कथिलाचे विषही निघू शकते. त्याने फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवे विद्रूप झाली. १९८२ साली त्या देशाने लहान होड्यांना तो रंग बंद केला, आणि २००८ पासून जगभरच्या बंदीचा करार अमलात आला. म्हणून रंग कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा. तोंडाला मास्क, खाली ताडपत्री, आणि तिच्यावरचा सगळा गाळ उचलावा. आपले बूड स्वच्छ आणि खाडी विषारी, याला मी तरी सोवळे म्हणणार नाही.

आणि जेलकोट दिसला की हात थांबवावा. तो रंग नव्हे, होडीची कातडी आहे.