भरलेल्या फीचा रकाना

पोकरपटूची थोरवी आज एका आकड्यावर मोजली जाते. 'द हेंडन मॉब' नावाची एक नोंदवही इंटरनेटवर आहे. कोणत्या खेळाडूने कोणत्या स्पर्धेत किती बक्षीस मिळवलं, ते तिथे डॉलरांत मांडलेलं असतं. बातम्यांत तोच आकडा येतो, घरचेही शेजाऱ्यांना तोच सांगतात. पण खेळाडू ज्या स्पर्धांतून रिकाम्या हाताने परतला, त्यांच्या प्रवेश फीचा रकाना त्या नोंदवहीत नाही. माझ्या मते या व्यवसायाचं खरं रूप त्या नसलेल्या रकान्यातच दिसतं.

दिवाळीच्या रात्री तीनपत्तीला बसलेला माणूस वाटेल तेव्हा उठू शकतो, समोर उरलेले पैसे त्याचेच असतात. टुर्नामेंटमध्ये तसं नाही. फी भरली की ती गेली. सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, पण त्या मोडून रोख मिळत नाही. ठरावीक वेळाने सक्तीची बोली, म्हणजे ब्लाइंड्स, वाढत जाते. त्यामुळे चांगल्या पानांची वाट बघत बसणाराही झिजून संपतो. बक्षीस साधारणपणे शंभरातल्या पंधराएक जणांना मिळतं. त्यातल्या बहुतेकांची फी सुटून थोडं वर राहतं आणि मोठी रक्कम वरच्या दोन-चार जणांत जाते. म्हणजे उत्तम खेळाडूसुद्धा दहातल्या आठ वेळा काही न मिळवता परततो.

आणि परततो तो चुकल्यामुळेच असं नाही. हातात दोन एक्के आहेत, समोरच्याकडे दोन राजे, आणि दोघांनीही सगळ्या चिप्स पुढे सारल्या. यापेक्षा चांगली संधी मागून मिळत नाही. तरीही पाचांतून जवळजवळ एकदा एक्के हरतात. हरलेल्याने काहीच चूक केलेली नसते. पिशवी उचलायची आणि हॉटेलच्या खोलीवर जायचं. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, हे महिनोन्महिने स्वतःला पटवत राहणं हीच या पेशातली सर्वांत कठीण मेहनत आहे.

2003 सालची लास वेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सगळ्यांना आठवते ती ख्रिस मनीमेकरमुळे. हे त्याचं खरं आडनाव. टेनेसीचा हा हिशेबनीस 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून सुरुवात करून 10,000 डॉलर फीच्या मुख्य स्पर्धेत पोचला. शेवटी समोर सॅम फार्हा, मुरलेला खेळाडू. टेबलावर नहिला, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री. फार्हाकडे राणी आणि नहिला, म्हणजे नहिल्यांची जोडी. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती. जुळलेलं काहीच नाही. त्याने सगळ्या चिप्स पुढे केल्या. फार्हा बराच वेळ विचार करत राहिला आणि शेवटी त्याने पानं टाकली. थोड्याच वेळात मनीमेकरने 25 लाख डॉलर जिंकले.

त्या वर्षी 839 खेळाडू होते. 2006 मध्ये 8,773 झाले आणि जेमी गोल्डला 1 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. ते आले कुठून? हरणाऱ्यांच्या फीतून. आयोजकाचा वाटा काढून उरलेली फी म्हणजेच बक्षीस. बाहेरून कोणी लक्ष्मी आणून ओतत नाही. ज्या मनीमेकरच्या बातमीने हजारो तरुण खेळायला आले, त्याच्यासारखं एकाला होता यावं म्हणून बाकी सगळ्यांना हरावंच लागतं.

मी याला निव्वळ जुगार म्हणत नाही. निपुण जावाने 2017 च्या एकाच मोसमात वर्ल्ड सिरीजची दोन ब्रेसलेट, म्हणजे स्पर्धा-विजेत्याला मिळणारी कडी, जिंकली, त्यातलं एक आदित्य सुशांतबरोबर जोडीने. कौशल्य आहेच. प्रश्न ते कौशल्य दिसून यायला किती स्पर्धा लागतात, आणि तोवर फी कोण भरतं, हा आहे.

समजा, एखाद्याने वर्षात 50,000 रुपयांच्या 60 स्पर्धा खेळल्या. तीस लाख गेले. बक्षिसं 25 लाखांची मिळाली. नोंदवही म्हणते, 25 लाख. घरची हिशेबाची वही म्हणते, पाच लाख तोटा. त्यात आपल्याकडे पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर 30 टक्के कर आहे, शिवाय उपकर, आणि हरलेल्या स्पर्धांची फी त्यातून वजा होत नाही. किराणा दुकानदाराला माल खरेदीचा खर्च दाखवता येतो, याला नाही. हा मला अन्याय वाटतो. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. कौशल्य की नशीब हा भेदही ठेवला नाही. व्यसनाने घरं बुडत होती, हे खरंच. पण थोड्या फीत दिवसाला अनेक स्पर्धा खेळून स्वतःची खरी पातळी जोखण्याची सोयही त्याबरोबर गेली. उरली मुख्यतः गोव्यातल्या मांडवी नदीवरची कॅसिनोची जहाजं आणि परदेश. म्हणजे मोठी फी, प्रवास, खोलीभाडं.

म्हणून अनेक जण स्वतःचे हिस्से विकतात. फी दुसऱ्याने भरायची, नफा वाटून घ्यायचा. स्टू उंगरने वर्ल्ड सिरीजची 1980, 1981 आणि 1997 ची मुख्य स्पर्धा जिंकली. तिसऱ्या वेळी त्याच्याकडे फीचे पैसेही नव्हते. ते बिली बॅक्स्टरने भरले आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातला अर्धा वाटा बॅक्स्टरचा झाला. उरलेला अर्धा अमली पदार्थांत आणि पैजांत काही महिन्यांत संपला. 1998 च्या नोव्हेंबरमध्ये उंगर वेगासच्या एका स्वस्त मोटेलात मरण पावला. वय 45, खोलीत आठशेएक डॉलर.

ज्यांच्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी हा पेशा निवडतेय, त्यांना माझी एक विनंती आहे. ओरडू नका, हातही जोडू नका. त्यांच्याकडे वही मागा. जिंकलेल्याची नव्हे, भरलेल्याची. हरलेल्या प्रत्येक स्पर्धेच्या तारखेसह. ती वही नीट ठेवलेली असेल, तर पुढचं बोलणं शांतपणे करता येईल.