गुंडाचा विश्वास

न्यूयॉर्कच्या बोनानो टोळीतील सरदार सॉनी ब्लॅक याने ‘डॉनी ब्रास्को’ला आपला माणूस मानले. हा डॉनी म्हणजे एफबीआयचा हेर जो पिस्टोन. १९७६ साली घेतलेले त्याचे सोंग १९८१ मध्ये उघड झाले आणि त्याच वर्षी टोळीने सॉनीला ठार केले. पुढे पिस्टोनच्या साक्षींनी १०० हून अधिक गुन्हेगारांना शिक्षा झाल्या.

गुंडाला फसवण्यात कसले पाप, असे वर्गातली मुले विचारतील. मी एवढेच सांगेन : कर्तव्यापोटी बोललेले असत्य क्षम्य ठरते, सत्य ठरत नाही. द्रोणवधाच्या वेळी धर्मराजाची बाजू न्यायाचीच होती. तरी त्याचा रथ भुईला टेकला. पिस्टोनने केले ते योग्यच. पण सॉनी वाईट असला, तरी त्याने टाकलेला विश्वास खोटा नव्हता.