काष्ठाची भाकर

अन्नाच्या बाबतीत आपला समाज दोन तोंडांनी बोलत आला आहे. लेकराने ताटात दोन घास टाकले तर घर कासावीस होते. तेच लेकरू पुढे स्थूल झाले की चारचौघांत त्याच्या देहाची थट्टा होते. पाहुण्याला आग्रहाने तिसरी पोळी वाढणारा हात आणि त्याच्या पोटाकडे बोट दाखवणारा हात पुष्कळदा एकच असतो. या दुटप्पीपणाचा चटका ज्यांना बसतो त्यांत अलीकडे एका नव्या गटाची भर पडली आहे. वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसांविषयी आम्ही बोलत आहोत. आपल्या धर्मग्रामांतही अशी माणसे आहेत आणि त्यांतली कित्येक ही गोष्ट लपवून ठेवतात. मधुमेहाची गोळी कोणी लपवून घेत नाही, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची हकिगत तर लोक कौतुकाने सांगतात. मग हीच एक शस्त्रक्रिया का लपवावी लागते? कारण तिच्याभोवती एक नैतिक आक्षेप घुटमळत असतो. जे संयमाने साधायला हवे होते ते यांनी सुरीने साधले, म्हणजे ही पळवाट झाली, असा तो आक्षेप. त्याचा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी या प्रकारच्या ‘बायपास’ शस्त्रक्रियेचा पाया घातला. तीत जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी राखून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आज अधिक प्रचलित असलेल्या ‘स्लीव्ह’ नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. आपल्याकडेही हा उपचार आता अपरिचित राहिलेला नाही. नागपूरचे नेते नितीन गडकरी यांनी २०११ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिची बातमी वर्तमानपत्रांतून आली होती. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के अतिवजनाचे आढळले. ज्या देशात कुपोषण अजून सरलेले नाही, त्याच देशातली ही आकडेवारी आहे.

मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडणे, झिजलेले गुडघे अशा व्याधींनी गांजलेल्या माणसालाच सहसा डॉक्टर हा मार्ग सुचवतात आणि तोवर त्याने आहारनियमनाचे प्रयत्न अनेकदा केलेले असतात. वजन उतरू लागले की देह जणू दुष्काळ पडल्यासारखा वागतो, भुकेचा संदेश वाढवतो आणि गेलेले वजन परत मिळवू पाहतो, हे वैद्यकशास्त्राने आता दाखवून दिले आहे. तेव्हा स्थूल माणूस म्हणजे इच्छाशक्ती नसलेला माणूस, हे समीकरण विज्ञानालाही मान्य नाही.

आता या माणसाचे रोजचे जेवण पाहा. पहिले काही दिवस पाणी, पातळ ताक, मुगाच्या डाळीचे वरचे पाणी, तेही घोटाघोटाने. मग काही आठवडे पेज, घुसळलेले वरण, कुस्करलेले अन्न. साधे जेवण सुरू व्हायला दीड-दोन महिने लागतात आणि तेव्हाही ते वाटीभरच असते. प्रत्येक घास बारीक चावायचा. घाई केली तर छातीत दाटते आणि अन्न उलटून पडते. जेवताना पाणी प्यायचे नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून मग थोडे थोडे. आधी डाळ, अंडे, मासळी, पनीर खायचे, कारण दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिने पोटात जायलाच हवीत. भात-पोळीचा क्रम त्यानंतर. ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि ठरावीक मुदतीने रक्ततपासणी, हे जन्मभराचे. बायपास झालेल्याने गोडाधोडाचे खाल्ले तर काही वेळातच घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात. विदर्भातल्या वैशाखात, जेव्हा आपण तांब्याच्या तांब्या रिचवतो, तेव्हा या माणसाला दिवसभर घोटाघोटाने तहान भागवावी लागते. याला सोपा मार्ग म्हणणाऱ्याने एक आठवडा तरी या रीतीने जेवून पाहावे.

परंतु आक्षेपाचे उत्तर केवळ कष्ट दाखवून होत नाही. ‘कष्ट असतील, पण हा संयम त्याचा स्वतःचा कुठे आहे?’ असे कोणी म्हणेल. या प्रश्नाशी आलो की आम्हांला वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड गावाची टेकडी आठवते. तेथे बाबा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू, मुसलमान, सारेच तेथे नवस बोलायला आणि फेडायला येतात. टेकडीवर नारळासारखे, जायफळासारखे दिसणारे वाटोळे दगड सापडतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणते. लोककथा सांगते की, संताची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे हे दगड झाले. बाबा फरीदांची समाधी पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या पाकपट्टण येथे आहे; तरीही त्यांची आठवण गिरडच्या टेकडीने पिढ्यानपिढ्या जपली आहे. ‘गंज-ए-शकर’, म्हणजे साखरेचा ठेवा, ही त्यांची पदवी. आणि ज्याला साखरेचा ठेवा म्हणतात त्याच संताविषयी दुसरी कथा अशी की, दीर्घ उपवासात भूक अनावर होई तेव्हा ते पोटाशी लाकडाची भाकर बाळगीत.

ही काष्ठाची भाकर आम्हांला फार बोलकी वाटते. एवढा मोठा तपस्वी, पण केवळ मनाच्या बळावर भूक जिंकली असा दावा त्याच्या कथेत नाही. त्याने देहाला बाहेरून आधार दिला. त्या लाकडाने तो संत झाला असेही कोणी म्हणत नाही, आणि लाकूड बाळगले म्हणून त्याचे तप खोटे ठरले असेही कोणी म्हणत नाही. आपल्या मठांतील घंटा, ठरलेली वेळ, एकत्र जेवताना होणारे वाचन, हेही असेच बाहेरचे आधार होत. दारू सोडू पाहणारा गुत्त्याचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने घरी जातो, त्याला आपण शहाणा म्हणतो. सद्गुण एकाकी मनात उगवत नाही. त्याला कुंपण लागते, टेकू लागतो, सोबत लागते. शल्यविशारदाची सुरी हा असाच एक टेकू आहे.

मात्र टेकू किती भार पेलतो हेही पाहिले पाहिजे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोर संत ग्रेगरींनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांचे विवेचन केले. वेळेपूर्वी खाणे, उंची पदार्थांचा सोस धरणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि पदार्थ सजवण्यात नको इतके गुंतणे, असे ते पाच. ही यादी शस्त्रक्रियेच्या शेजारी ठेवून पाहावी. सुरी ‘अति’ला आवर घालते आणि अधाशीपणाला ताबडतोब शिक्षा करते. उरलेल्या तिघांना ती हात लावत नाही. अवेळी, दिवसभर चिमूटचिमूट फरसाण, चॉकलेट, आइस्क्रीम खात राहिले तर ते अरुंद नळीतूनही सहज उतरते, आणि काही वर्षांनी वजन परतते ते बहुधा याच दाराने. एका जुन्या धर्मपंडिताची यादी आजच्या आहारतज्ज्ञाच्या सूचनांशी इतकी जुळावी, याचे आम्हांला नवल वाटते. सुरीने जागा कमी केली; त्या जागेचा कारभार मात्र माणसालाच करावा लागतो. म्हणून त्याचा संयम त्याचाच आहे. तो शस्त्रक्रियेच्या दिवशी पुरा होत नाही. त्या दिवशी त्याला आरंभ होतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कित्येकांच्या बाबतीत अन्न हे केवळ अन्न नसते. ते एकटेपणावरचे औषध असते, अपमानावरची फुंकर असते. शस्त्रक्रियेने ती सोबत एका दिवसात तुटते, पण एकटेपणा जागेवरच राहतो. मग ती पोकळी दुसरे काही शोधते. बायपासनंतर मद्य रक्तात झपाट्याने चढते आणि काहींना त्याची ओढ लागते, असा डॉक्टरांचा इशारा आहे. वजन भराभर उतरत असताना, लोक रूपाची वाहवा करीत असताना, एखाद्याला मनातून शोक होत असेल हे आपल्या ध्यानातही येत नाही. अशा वेळी ‘आता तर तू सुखी असशील’ असे म्हणण्याऐवजी ‘कसा आहेस?’ असे विचारून उत्तर ऐकण्यापुरते थांबणे, ही खरी प्रेमसेवा होय.

येथे आपल्या आग्रहाचा प्रश्न येतो. वरण-भात, झुणका-भाकर, पुरणपोळी, नाताळच्या करंज्या यांतून आपण प्रेम बोलतो, आणि ते सुंदर आहे. पण ‘माझ्या हातचे एवढे तरी खा’ या वाक्यात प्रेमासोबत थोडा अहंकारही शिजलेला असतो. पाहुण्याच्या तृप्तीपेक्षा आपल्या सुगरणपणाची पावती आपल्याला हवी असते. ज्याचे जठर वाटीभर उरले आहे त्याला हा आग्रह म्हणजे छळच. तो ‘नको’ म्हणतो तेव्हा आपण रुसतो. म्हणून तो समारंभच टाळू लागतो, आणि पंगतीतून एक माणूस उठून जातो. प्रभू येशू पापी आणि जकातदारांच्या पंगतीला बसत असे. त्यावरून त्याला खादाड म्हणणारेही होते. पण त्याने कोणाच्या ताटात किती आहे हे मोजल्याचे आपण वाचत नाही. याईराची मुलगी उठून बसली तेव्हा तिला काही खायला द्या, असे त्याने सांगितले. काय आणि किती, हे त्याने तिच्या आईबापांच्या मायेवर सोडले. त्या मायेला समोरच्याची गरज ओळखता आली पाहिजे.

आम्हां धर्मगुरूंना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला उपवासाचा. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत श्रद्धावंतांना उपवास बंधनकारक आहे; पण आजाऱ्यांवर ते बंधन नाही. ज्याला डॉक्टरांनी थोडे थोडे, वेळेवर खायला सांगितले आहे, त्याने उपवासाच्या नावाखाली देहाला धोक्यात घालू नये. खादाडपणाची वर्गवारी करणाऱ्या त्याच संत ग्रेगरींना पोटाचा जुनाट विकार होता. वारंवार काही खाल्ल्यावाचून त्यांना मूर्च्छा येई. पुनरुत्थानाच्या आदल्या दिवशी, लहान मुलेही उपवास करीत असताना, आपल्याला तो करता येत नाही याचे दुःख त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. उपवास न घडल्याने ते संत व्हायचे राहिले नाहीत. जो वर्षभर वाटीभर अन्नावर कृतज्ञतेने उठतो, त्याने उपवासकाळात दानधर्म, प्रार्थना, एखाद्या जुन्या रागाचा त्याग असे दुसरे प्रायश्चित्त निवडावे.

दुसरा प्रश्न कम्युनियनपूर्वीच्या एक तासाच्या उपवासाचा. पाणी आणि औषध यांनी तो कधीच मोडत नाही. म्हणून घोटाघोटाने पाणी पिणाऱ्याने निःशंकपणे वेदीकडे यावे. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी त्या तासात काही खाल्ले असले तरी ख्रिस्तसभेचा कायदा त्यांना मोकळीक देतो. आणि एक सांत्वन आपल्या श्रद्धेच्या गाभ्यातच आहे. भाकरीच्या लहानशा कणातही संपूर्ण ख्रिस्त असतो, अशी आपली शिकवण आहे. ज्याला आता सारे काही थोडेच घेता येते, त्याला वेदीपाशी इतरांपेक्षा कणभरही कमी मिळत नाही.

गिरडपासून काही कोसांवर, सेवाग्रामात, १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम होता. त्यांच्या आश्रमाच्या व्रतांत ‘अस्वाद’ हे एक व्रत होते. अन्न औषधासारखे घ्यावे, असे ते व्रत सांगते. संत ऑगस्टीननीही आत्मनिवेदनात हेच म्हटले आहे, आणि गरज कुठे संपते नि लालसा कुठे सुरू होते हे आपल्यालाही नेहमी कळत नाही, अशी प्रांजळ कबुली दिली आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे अन्न तर अक्षरशः औषध झालेले असते. तरी आमची त्याला विनंती आहे की, ते केवळ औषध राहू देऊ नये. वाटीभर वरण सावकाश, घरच्यांसोबत बसून, आभार मानून खाल्ले तर त्यातही मेजवानी असते. घाईघाईने भरलेल्या ताटात जी चव आपल्याला सापडत नाही ती त्याला सापडण्याचा संभव आहे.

कधी काळी वजन थोडे परतले, पथ्य मोडले, तर त्याने लाजेने दवाखान्याची पायरी चढणे सोडू नये आणि आपण ‘एवढे करून काय मिळवलेस?’ असे विचारू नये. २०१७ साली इजिप्तहून एका अतिविशाल देहाच्या तरुणीला मुंबईत उपचारासाठी आणले होते. तिचे वजन बरेच उतरले, तरी त्याच वर्षी अबुधाबीत तिचे निधन झाले. शल्यविद्येच्याही सीमा असतात. त्या सीमेपलीकडचे काम घराने आणि धर्मग्रामाने करायचे असते. त्याचा आरंभ अवघड नाही. पुढच्या सणाला अशा माणसाच्या ताटात त्याने मागितले तेवढेच वाढावे, त्याचे जेवण संपेपर्यंत पंगतीतून कोणी उठू नये आणि त्याच्या देहाविषयी त्या दिवशी कोणी एक शब्दही बोलू नये.