गळ टाकण्याआधी

आषाढ लागला होता. दोन दिवस कोसळून पावसाने उघडीप दिली, तसे लोणावळ्याचे तीन मित्र पवना धरणावर गळ टाकायला निघाले. एक चिक्कीचा दुकानदार, एक रेल्वेत नोकरीला आणि एक शाळामास्तर. होडी काठच्या गावातल्या आबांची. एका अंगाला तुंग, दुसऱ्या अंगाला तिकोना, दोन्ही ढगांत बुडालेले.

होडी पाण्यात ढकलण्याआधी आबा म्हणाले, "काय न्यायचं ते नंतर बघू. काय सोडायचं ते आत्ताच ठरवा."

दुकानदार हसला. "चिलापी मिळेल तेवढी न्यायची. महाशीर हातभराहून मोठा लागला तर सोडायचा. अंड्यावरची मादी तर सोडायचीच. झालं?" एवढा मासा आपल्या गळाला लागेल असं कुणाच्याच मनात नव्हतं. त्यामुळे शब्द देणं कुणालाच जड गेलं नाही.

दुपारपर्यंत बादलीत चिलापी जमली. मग आबांनी होडी डोंगरातून ओढा उतरतो त्या तोंडाशी नेली. पावसाळ्यात महाशीर अंडी घालायला वाहत्या पाण्याकडे चढतो. दुकानदाराने गळाला कणकेचा गोळा लावून टाकला आणि काही वेळातच रीळ किंचाळत सुटलं. मासा खडकांकडे धावला, वळला, पुन्हा खोल गेला. दुकानदाराचे हात भरून आले, पण त्याने दोरी सैल पडू दिली नाही. अखेर जाळीत आली ती सोनेरी, मोठ्या खवल्यांची, जाड ओठांची महाशीर मादी. हाताहून लांब, आणि पोट फुगलेलं.

होडीत कुणी बोलेना. मग रेल्वेवाला हळूच म्हणाला, "एखाद्या वेळी चालतं."

दुकानदार म्हणाला, "घरी मुंबईचे पाहुणे आलेत. मी मोठा मासा आणतो म्हणून सांगून आलोय. नियम आपणच केला, आपणच बदलू. आबा, आज दुप्पट पैसे घ्या."

आबांनी वल्हं आडवं धरलं. "शेठ, त्यो नियम माशासाठी न्हाई केला. मासा बघून माणसाचं मन फिरतं, म्हणून केला. देहूच्या डोहातल्या माशांना वारकरी हात लावत न्हाईत. ते काय भूक लागल्यावर ठरवलंय व्हय?"

मास्तर म्हणाले, "धरणांनी या माशाची चढायची वाट अडवली, सुरुंग लावून लोकांनी डोह रिकामे केले. महाशीर संपत चालला होता. १९७०च्या सुमाराला आपल्याच वळवणला, टाटांच्या मत्स्यपैदास केंद्रात, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी माद्यांची अंडी काढून, फलवून पिल्लं वाढवली. पुढे तिथून लाखो पिल्लं तलावांत आणि नद्यांत सोडली गेली. कुणीतरी वर्षानुवर्षं मासे पाण्यात सोडत राहिलं, म्हणून आज आपल्या गळाला मासा लागतो."

दुकानदाराने हात ओले केले आणि गळ अलगद काढला. मग मादीचं तोंड ओढ्याच्या धारेकडे करून तिला पाण्यातच धरून ठेवलं. कल्ले नीट चालू लागले, शेपटी हलली, तसा त्याने हात मोकळा केला.

परतताना रेल्वेवाला म्हणाला, "तुझं मन मोठं."

"मन नाही," दुकानदार म्हणाला. "त्या क्षणी मन तुझ्याच बाजूचं होतं. सकाळी शब्द दिला नसता, तर मासा आत्ता बादलीत असता."

रात्री पाहुण्यांनी चिलापीचं कालवण ओरपलं. मोठ्या माशाचं काय झालं, असं विचारलं तेव्हा दुकानदाराने सगळी हकीकत सांगितली. सोडलेल्या माशाची गोष्ट तो त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गळवाल्याला सांगू लागला आणि शेवटी एकच प्रश्न विचारू लागला, "काय सोडायचं ते ठरवून निघालात ना?"

तात्पर्य : मोह समोर उभा राहिला की बुद्धी त्याचीच वकिली करते. म्हणून आपली मर्यादा मोह येण्याआधी, चार माणसांसमोर ठरवावी; आणि ती पाळण्याची वेळ आली की नवा विचार करत बसू नये.