भाऊ आणि भाऊबंद

मराठी भाषेने भावाच्या नात्याचा विचार फार सावधपणे केलेला दिसतो. तिच्यात 'भाऊ' हा शब्द जितका जिव्हाळ्याचा, तितकाच 'भाऊबंदकी' हा शब्द कडू. कार्तिक शुद्ध द्वितीयेला ओवाळून घेण्यासाठी पाटावर बसणारा भाऊ आणि बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी कोर्टाची पायरी चढणारा भाऊबंद हे एकाच घरातले असतात. पुष्कळदा तो एकच माणूस असतो. मी राहतो त्या देऊळगाव राजाला हे निराळे सांगावे लागत नाही. गाव जाधवरावांचे. सिंदखेडचे लखुजी जाधव आणि वेरूळचे भोसले यांची जिजाबाईंच्या लग्नाने सोयरीक जुळली होती. तरी निजामशाहीच्या दरबाराबाहेर एक हत्ती बिथरला आणि त्या गोंधळात दोन्ही घराण्यांतले पुरुष एकमेकांच्या हातून मारले गेले, अशी हकीकत सांगतात. नाते जवळचे असले म्हणजे हात आवरतोच असे नाही.

या जुन्या विषयाकडे मी पुन्हा वळलो तो एका साध्या प्रश्नामुळे. माझ्या पुतणीचा मुलगा अमेरिकेत एका विद्यापीठात शिकतो. गेल्या वर्षी त्याने फोनवर विचारले, "आबा, इथे आशियाई मुलांची एक फ्रॅटर्निटी आहे. मला घ्यायला तयार आहेत. जाऊ का?" मी म्हटले, "विचार करून सांगतो." हा लेख म्हणजे तो विचार.

फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुसंघ. अमेरिकेत ही प्रथा जुनी आहे. १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात विद्यार्थ्यांनी पहिला असा संघ काढला, ग्रीक अक्षरांचे नाव घेतले, आणि पुढे पुष्कळ विद्यापीठांत अशा संघांच्या शाखा निघाल्या. एकत्र राहावे, एकत्र जेवावे, आयुष्यभर एकमेकांना भाऊ म्हणावे, अशी त्यांची रीत. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत जो 'बंधुता' शब्द आहे, त्याचे इंग्रजी रूप हेच. एकीकडे तो साऱ्या भारतीयांना कवेत घेतो आणि दुसरीकडे निवडून घेतलेल्या वीस-पंचवीस मुलांना. एकाच शब्दाला ही दोन्ही कामे कशी पेलतात? दाराला कडी असलेले बंधुत्व हे बंधुत्व म्हणावे काय?

प्रथम कडी कोणी लावली ते पाहिले पाहिजे. अमेरिकेतील पुष्कळ संघांच्या नियमांतच गोऱ्या ख्रिस्ती मुलांखेरीज कोणाला घेऊ नये असे लिहिलेले होते. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा १८८२ साली झाला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली दिला. तो हक्क मिळायला १९४६ उजाडले. अशा काळात १९१६ साली कॉर्नेल विद्यापीठात चिनी विद्यार्थ्यांनी आपला बंधुसंघ काढला, आणि १९२९ साली बर्कलीत आशियाई मुलांनी. ज्याला पंगतीतून उठवले त्याने स्वतःची चूल मांडली, तर त्याला फुटीर म्हणण्याचा अधिकार पंगतीच्या यजमानाला राहत नाही.

आणखी एक गंमत आहे. आशियात कोणी 'आशियाई' नसतो. चीनमधला मुलगा चिनी, जपानमधला जपानी, आणि आमचा हा मुलगा घरी होता तोवर देऊळगावचा. नागपूरला गेला की तो बुलढाण्याचा होतो, पुण्यात वऱ्हाडी, दिल्लीत मराठी आणि परदेशात भारतीय. अमेरिकेच्या विद्यापीठात तो एकदम आशियाई झाला. 'एशियन अमेरिकन' हे नावच मुळी १९६८ साली बर्कलीतल्या विद्यार्थी-चळवळीत घडले. माणूस जितका दूर जातो तितका त्याचा 'आपला' शब्द रुंद होत जातो. मी शिकायला गाव सोडले तेव्हा खानावळीत कोणी 'आमणाकाठचा' भेटला तरी घास गोड लागे. गावात असताना त्याच माणसाशी मी चार शब्द बोललो नसतो. परकेपणा हा बंधुत्वाचा मोठा शिक्षक आहे, एवढे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

हाच प्रश्न महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी आपल्या परीने सोडवून पाहिला आहे. कोल्हापुरात १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक वसतिगृह निघाले. व्यवहारात ते एकाच जातीचे होऊन बसले. तेव्हा शाहू महाराजांनी निराळी वाट धरली. १९०१ साली मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकेक वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातिभेद मोडू पाहणाऱ्या राजाने जातवार वसतिगृहे काढावीत हे वरवर उफराटे दिसते. पण जो मुलगा खेड्यातून प्रथमच शहरात येतो, त्याला आधी निजायला जागा आणि अपमानाशिवाय दोन घास हवे असतात. विश्वबंधुत्वाचे व्याख्यान त्यानंतर. शाहू महाराजांनी ही गरज ओळखली आणि मला तरी त्यांचे बरोबर वाटते.

परंतु त्याच कोल्हापुरात या वाटेची दुसरी बाजूही दिसली. भाऊराव पाटील तेव्हा जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते जाऊन आले, म्हणून भोजनगृहात येण्याआधी स्नान करा असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि ते बोर्डिंग त्यांना सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. ज्या घराने एका मुलाला आसरा दिला, त्याच घराने तो शेजारच्या घरी गेला म्हणून त्याला उंबऱ्यावर अडवले. पुढे १९२४ साली याच भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचेच नाव दिले गेले. मला यात विरोध दिसत नाही. कोल्हापूरची वसतिगृहे नसती तर साताऱ्याचे सुचले नसते, आणि साताऱ्याचे झाले नसते तर कोल्हापूरचे काम अर्धे राहिले असते.

आता अमेरिकेकडे परत जाऊ. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर काही दिवस कॉस्मॉपॉलिटन क्लबात राहिले; तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत असत. नंतर ते विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये गेले, आणि तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची जन्माची मैत्री जडली. परत आल्यावर, १९१७ साली, बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. आणि त्यांची जात कळताच लाठ्या घेतलेल्या पारशांच्या घोळक्याने त्यांना बाहेर काढले. पुढे १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला निघताना त्यांना पैशाची मदत करणाऱ्यांत भथेना होते. एकाच समाजातला एक जण भाऊ झाला आणि एका घोळक्याने हाकलून दिले. समाजाचे नाव घेऊन बंधुत्वाचा हिशेब मांडता येत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? त्याच आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता हे नुसते रंगाचे वरवरचे हात ठरतील. ज्याला धर्मशाळेतून बाहेर काढले त्याने हा शब्द उच्चारला, म्हणून त्याचे वजन निराळे.

मग त्या मुलाला काय सांगावे? मला एक गोष्ट अस्वस्थ करीत होती. अशा बंधुसंघांत नव्या मुलाला घेण्यापूर्वी त्याचा छळ करण्याची चाल आहे. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजातील एका कोवळ्या मुलाला एका आशियाई बंधुसंघाच्या 'भावांनी' पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ भागात नेले, डोळे बांधले, पाठीवर वाळूचे ओझे दिले आणि अंगावर धावून जाऊन पुन्हा पुन्हा पाडले. तो मुलगा दगावला. २०१८ साली न्यायालयाने त्या संघाला पेनसिल्व्हेनियात दहा वर्षांची बंदी केली. मन सुन्न करणारी गोष्ट अशी की तो विधी म्हणजे अमेरिकेत आशियाई लोकांच्या वाट्याला आलेल्या अडथळ्यांचे प्रतीक मानला जात होता! पूर्वजांना जी वागणूक मिळाली ती धाकट्या भावाला द्यायची आणि तिला वारसा म्हणायचे. आपल्याकडेही हे नवे नाही. सासूने सोसले म्हणून सुनेने सोसावे, हा न्याय किती घरांनी पाळला आहे! महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा करावा लागला तो हौसेने नव्हे.

इथे मला माझे उत्तर सापडले. अपमानातून जन्मलेल्या बंधुत्वावर एक ऋण असते. तो अपमान आपल्या दारात कोणालाही द्यायचा नाही, हे ते ऋण. ते फेडले तर लहानसे बंधुत्वही मोठ्या बंधुतेची शाळा ठरते. विसरले की भाऊबंदकी उरते, मग नाव ग्रीक असो की मराठी.

मी त्या मुलाला कळवले: "जा. परक्या देशात एकटे राहण्यात काही थोरवी नाही. पण दोन गोष्टी आधी विचारून घे. आत घेताना काय सोसावे लागते? आणि आत गेल्यावर बाहेरच्या मुलाला जेवायला आणले तर चालते का? पहिल्याचे उत्तर देताना कोणी हसून डोळे मिचकावले, किंवा दुसऱ्याला कोणी गप्प बसले, तर तिथून माघारी फिर."

आश्विनात आमच्या गावी बालाजीची यात्रा भरते. मंडपाच्या उंच लाटा उभ्या करताना शेकडो हात एकदम लागतात. जालन्याकडचे, वऱ्हाडातले, गावचे, परगावचे. त्या घटकेला शेजारच्या खांद्याची जात विचारायला कोणाला सवड नसते. पण लाट उभी राहते, हात मोकळे होतात आणि जो तो आपापल्या आळीकडे वळतो. मोकळ्या हातांनीही तो शेजार आठवत राहावा, एवढ्यासाठीच माणसाला कुठलेसे घर, बोर्डिंग, संघ लागत असावा. त्या घरातून बाहेर पडताना माणूस आत आला होता त्याहून थोडा रुंद झालेला असला, म्हणजे त्या घराचे सार्थक झाले.