गॉडझिला आणि मृतांचे न फिटलेले देणे

मृतांचे जिवंतांवर काही देणे असते काय, आणि ते फेडले गेले नाही तर त्याची शिक्षा कोणी भोगायची, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. शहरे तुडवीत जाणाऱ्या महाकाय प्राण्यांच्या 'काइजू' या जपानी चित्रप्रकाराकडून त्याच्या चर्चेची अपेक्षा कोणी सहसा करत नाही. तरीही शूसुके कानेको यांनी तोहो या संस्थेसाठी दिग्दर्शित केलेला, २००१ साली प्रदर्शित झालेला 'गॉडझिला, मोथ्रा अँड किंग घिडोरा: जायंट मॉन्स्टर्स ऑल-आउट अटॅक' हा उत्तरपट, म्हणजे आधीच्या चित्रपटाची कथा पुढे नेणारा चित्रपट, तो प्रश्न पूर्ण गांभीर्याने विचारतो.

या मालिकेचा जुना चाहता कोणताही नवा गॉडझिला पाहताना प्रथम हे तपासतो की पडद्यावर आलेला प्राणी नेमका कोणता. इशिरो होंडा यांच्या १९५४ च्या मूळ चित्रपटात डॉ. सेरिझावा आपल्या 'ऑक्सिजन डिस्ट्रॉयर' या शस्त्राने गॉडझिलाला समुद्रतळाशी नष्ट करतात आणि ते शस्त्र पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून स्वतःही तेथेच मरण पत्करतात; पुढच्याच वर्षी ओसाकावर चालून आलेला गॉडझिला हा त्याच जातीचा दुसरा प्राणी होता, आणि साठच्या दशकाच्या मध्यापासून तर हाच विध्वंसक हळूहळू पृथ्वीचा व मुलांचा कैवारी बनत गेला. कानेको यांनी १९५४ नंतरची ही सारी कथा बाजूला ठेवून आपला चित्रपट थेट मूळ चित्रपटाला जोडला. कैवारी गॉडझिलावर लहानपणापासून माया केलेल्या प्रेक्षकाला या नव्या गॉडझिलाचे बुबुळ नसलेले पांढरे डोळे आणि माणसांना हेरून मारण्याची वृत्ती सहन होणे कठीण होते, आणि १९६४ पासून खलनायक असलेला त्रिमुखी घिडोरा येथे देशाचा रक्षक झालेला पाहणेही तितकेच कठीण; परंतु या बदलांमागे एक सुसंगत विचार आहे, आणि ज्याला मालिका तोंडपाठ आहे त्यालाच तो सर्वाधिक स्पष्ट दिसतो.

तो विचार इसायामा नावाच्या वृद्धाच्या तोंडून मांडला जातो. त्याच्या सांगण्यानुसार पॅसिफिक महायुद्धात प्राण गमावलेल्या असंख्य माणसांचे आत्मे या गॉडझिलात एकवटले आहेत, आणि ते जपानवरच का उलटले या प्रश्नाला त्याचे उत्तर असे की जपानी लोक त्यांचा आक्रोश पार विसरून गेले आहेत. येथे पटकथा जपानी धर्मपरंपरेतील 'गोर्यो' या कल्पनेचा आधार घेते. अन्यायाने किंवा अकाली मेलेल्या व्यक्तीचा आत्मा अतृप्त राहून रोगराई, वीज, पूर अशा रूपाने कोपतो, आणि त्याचा मान राखून, त्याला देवत्व देऊनच तो शांत करता येतो, अशी ही श्रद्धा आहे. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान मंत्री राजकारस्थानामुळे पदच्युत होऊन ९०३ साली दूर दाझाइफूत मरण पावला. ९३० साली राजवाड्यावर वीज कोसळली तेव्हा तो त्याचाच कोप मानला गेला, आणि क्योतोतील कितानो येथे त्याचे देवस्थान उभे राहिले, जेथे आज विद्यार्थी परीक्षेतील यशासाठी प्रार्थना करतात. बारागॉन, मोथ्रा आणि घिडोरा हे चित्रपटातील तीन रक्षक प्राणीही याच न्यायाने देव झालेले आहेत, कारण प्राचीन काळी माणसांनी त्यांना आधी मारले आणि मग पूजले. ते भूमीचे रक्षण करतात, माणसांचे करतातच असे नाही. वाटेत आलेल्यांना ते निःसंकोच मारतात.

गॉडझिला किनाऱ्यावर येतो तो याइझू बंदरात, ही निवडही बोलकी आहे. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवरील अमेरिकेच्या हायड्रोजन बाँब चाचणीची किरणोत्सारी राख ज्या मासेमारी नौकेवर पडली, ती 'दाइगो फुकुर्यू मारू' याच बंदराची होती. तिच्यावरील बिनतारी यंत्रचालक कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात दगावला, आणि नोव्हेंबरात पहिला 'गॉडझिला' प्रदर्शित झाला. विस्मरणाचा आरोप येथे केवळ सामान्य नागरिकांवर ठेवलेला नाही. १९५४ चा प्राणी सेनेने मारला ही अधिकृत कथा खोटी असून त्याचा अंत प्रत्यक्षात एका शास्त्रज्ञाच्या रसायनाने झाला, हे या चित्रपटात उघड होते. म्हणजे ज्या राष्ट्राने आपला विजयसुद्धा खोटा नोंदवला, त्याच्याकडे मृतांनी आपल्या स्मरणाचा हक्क मागावा, अशी ही रचना आहे.

खरी नैतिक अडचण यापुढे सुरू होते. याइझूत चिरडले जाणारे बहुतेक लोक युद्धानंतर जन्मलेले आहेत, आणि कर्मसिद्धांताच्या प्रचलित अर्थाने कर्माचे फळ करणाऱ्यालाच मिळायला हवे असल्यामुळे त्यांचा मृत्यू निखळ अन्याय ठरतो. गोर्योची श्रद्धा हा हिशेब मांडतच नाही. तिच्या दृष्टीने देणेकरी हा समाज असतो, जसा पितृऋणाच्या भारतीय कल्पनेत मनुष्य काही करण्यापूर्वी, केवळ जन्मामुळेच ऋणी ठरतो. कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने १९४६ साली जर्मनीच्या अपराधाविषयी लिहिताना फौजदारी, राजकीय, नैतिक आणि पराभौतिक असे दोषाचे चार प्रकार वेगळे केले आणि संपूर्ण जनतेला गुन्हेगार ठरवण्यास नकार देतानाच राज्याच्या कृत्यांचे राजकीय उत्तरदायित्व मात्र प्रत्येक नागरिकावर ठेवले. या भेदाच्या प्रकाशात चित्रपटाची बाजू सावरते: नव्या पिढीने गुन्हा केलेला नाही, पण स्मरणाचे काम तिच्यावर येऊन पडले आहे, आणि शिक्षा झाली ती हे काम टाळल्याची. तरी त्यासाठी शाळकरी मुलाचा जीव जाणे हे कोणत्याही तर्काने न्याय्य होत नाही, आणि चित्रपटही ते न्याय्य आहे असे भासवत नाही. कोपाला न्यायबुद्धी नसते, एवढेच तो दाखवतो.

त्याची दुर्बलता अन्यत्र आहे. एकवटलेले हे आत्मे कोणाचे? बेटांवर उपासमारीने मेलेले जपानी सैनिक, बाँबहल्ल्यांत होरपळलेले नागरिक, की जपानी सेनेने चीनमध्ये आणि आग्नेय आशियात मारलेली माणसे? चित्रपट या सर्वांना एकाच शरीरात मिसळून टाकतो. तोक्योच्या यासुकुनी या युद्धमृतांच्या देवस्थानात १९७८ साली चौदा प्रमुख युद्धगुन्हेगारांना इतर मृतांबरोबर स्थान देण्यात आले, आणि त्याच्या भोवतीचा वाद आजही मूलतः अशाच मिसळणीचा आहे; चित्रपटाच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, पंतप्रधान कोइझुमी यांनी तेथे दर्शन घेतले तेव्हा चीन आणि कोरियाने तीव्र निषेध केला होता. मारणारा आणि मारला गेलेला यांचे एकत्र स्मरण हे मारल्या गेलेल्याच्या दृष्टीने विस्मरणापेक्षा फारसे वेगळे नाही, आणि विस्मरणावर आरोप ठेवणाऱ्या कलाकृतीने हा भेद टाळावा, ही खरोखर गंभीर उणीव आहे. शेवटी गॉडझिलाचे शरीर फुटते, पण हृदय समुद्रतळाशी धडधडत राहते. पुढच्या भागाची सोय म्हणून हे दृश्य सोडून देता येत नाही, कारण शस्त्रांनी कोणतेही देणे फिटत नाही, या चित्रपटाच्या भूमिकेशी ते पूर्ण प्रामाणिक आहे.

पुढील दोन वर्षांत आलेल्या मासाआकी तेझुका यांच्या चित्रपटांनी कानेको यांची कथा सोडून दिली, तरी मृतांचा प्रश्न सोडला नाही. त्यांत १९५४ च्या गॉडझिलाची हाडे समुद्रातून काढून त्यांवर यांत्रिक योद्धा उभारला जातो, आणि २००३ च्या भागात मोथ्राच्या जुळ्या दूती ती हाडे समुद्राला परत करण्याची मागणी करतात. प्रेतावरचा हक्क आणि अंत्यविधी यांचा हा विचार सुंदर आहे, परंतु तेथे विश्रांती मिळते ती प्राण्याला. कानेको यांनी ज्यांच्या वतीने प्रश्न विचारला होता ती माणसे या दोन्ही कथांतून गळून गेली आहेत.